रेवाचा आठ, पूर्वीचा सहा

मी हळू बोलते म्हणून लोक मला सोशिक समजतात. सकाळी आंघोळ झाली की दुपारी देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलतच नाही. चार वर्षं झाली या मौनाला. त्यामुळे माझ्या मनात काय चाललंय हे घरात कुणाला कळत नाही. देवाला कळत असेल, पण तोही काही बोलत नाही.

माझ्या मनात यमुना असते.

यमुना माझी धाकटी जाऊ. आमचं मूळ घर अर्नाळ्याच्या रस्त्यावर, वाडीतलं. विद्याधरना, म्हणजे आमच्या ह्यांना, नोकरी लागली आणि आम्ही विरारला मनवेलपाड्यात फ्लॅट घेऊन आलो. वाडी धाकट्या दिरांनी, कृष्णाभावजींनी, सांभाळली. मोगरा, चाफा, केळी, थोडी भाजी. यमुना दहावी शिकलेली आणि मी बी.कॉम. असं असून सासूबाई शेवटची सहा वर्षं तिच्याजवळ राहिल्या, माझ्याजवळ महिनाभरही टिकल्या नाहीत. तिच्या अंगणातली तुळस कमरेएवढी वाढलेली, तिला ती कधी पाणी घालते तेही कुणी पाहिलेलं नाही. मी रोज दिवा लावते, अकरा प्रदक्षिणा घालते आणि माझी कुंडीतली तुळस दर उन्हाळ्यात वाळते.

आणि तिची रेवा. रेवा आणि माझी मुलगी पूर्वी एकाच वर्गात, आठवीत. रेवा पहिली येते. पूर्वी तिसरी. पहिलीपासून हे असंच चाललंय. निकालाच्या दिवशी मी साखरेचा नैवेद्य दाखवते आणि देवाला म्हणते, सगळ्यांचं भलं कर. हे म्हणताना दरवेळी मधे कुठेतरी अडखळते.

कळंबच्या वाटेवर तीन वर्षांपूर्वी एक खाजगी हायस्कूल निघालं. नववीपासून प्रवेश, तोही परीक्षा घेऊन. मोठी प्रयोगशाळा, मोठं मैदान आणि तिथली मुलं पुढे कुठल्या कुठे जातात असं सगळे सांगायचे. परीक्षा बाहेरची एक संस्था घेते. गुण आधी पालकांना कळवतात, मग अर्ज करायचा की नाही ते पालकांनी ठरवायचं. फेब्रुवारीत दोघी बहिणी एकाच रिक्षातून परीक्षेला गेल्या. येताना रेवा म्हणाली, "सोपा होता गं." पूर्वी पेनचं टोपण चावत होती.

मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही वाडीत गेलो होतो. संध्याकाळची वेळ, ओट्यावर मोगऱ्याची निवड चालली होती. टपोऱ्या, घट्ट मिटलेल्या कळ्या म्हणजे एक नंबर, त्या दादरला जायच्या. मधल्या दोन नंबर, त्या विरारच्या बाजारात. बारक्या आणि उमललेल्या तीन नंबर, त्या घरच्या गजऱ्याला. या घरात सगळ्याच गोष्टींची अशी प्रतवारी होते. केळ्यांची, पपईची, पाहुण्यांचीसुद्धा.

तेवढ्यात ह्यांचा आणि यमुनाचा, दोघांचे फोन एकदम वाजले. मुलींनी झडप घातली.

"काय आलं?" भावजींनी विचारलं.

"स्टॅनाइन सहा," पूर्वी वाचून म्हणाली. "एवढंच लिहिलंय. सविस्तर रिपोर्ट बुधवारपासून ऑफिसात मिळेल म्हणे."

"आणि आमच्या बायचं काय?"

रेवानं फोन दोनदा वरखाली केला. "आठ."

"आठ?" भावजींनी हातातली कळी टोपलीत टाकली. "म्हणजे पूर्वी सहा नंबर आणि तू आठ नंबर?"

"अहो, नंबर असं कुठे लिहिलंय?" यमुना म्हणाली.

"मग दुसरं काय असणार? शंभरातले आठ म्हणावेत तर एवढी काही आमची पोरगी ढ नाही. प्रतवारी लावली असणार. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर..." त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "काय दादा?"

"तसंच असेल," हे म्हणाले. हेही त्याच ओट्यावर कळ्या निवडत वाढलेले.

"आठ नंबरचा माल म्हणजे, यमुने, आपण बकरीपुढेसुद्धा टाकत नाही," भावजी म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांना पोरीला दुखवायचं नव्हतं, त्यांची थट्टा नेहमीच अशी असते. पण रेवा उठून आत गेली, आणि आतून माठावरचं झाकण पडल्याचा आवाज आला.

माझ्या मनात काय झालं ते सांगते. उसाचा रस प्यायल्यावर पोटात गार गार उतरत जातं ना, तसं झालं. आठ वर्षांत पहिल्यांदा! मी पदर तोंडाशी धरला, कुणाला वाटावं मला वाईट वाटतंय.

"पूर्वीनं बाजी मारली म्हणायची," यमुना म्हणाली. मनापासून म्हणाली. टोपलीतल्या एक नंबरच्या कळ्या उचलून तिनं तिथल्या तिथे गजरा ओवला आणि पूर्वीच्या वेणीत माळला. दादरला जायच्या कळ्या! माझ्या मुलीसाठी! मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होते, कुठे काही दुखलंय का. रेवासाठी दुखलं होतं, पण पूर्वीवरचा राग शोधूनही सापडला नाही. तेही मला खपलं नाही. म्हणजे आम्ही जिंकल्यावरसुद्धा तीच मोठी.

निघताना ती मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही बुधवारी शाळेत जाणार ना? आमचा रिपोर्ट काही विचारू नका. आठव्या नंबरचा कागद घेऊन काय भिंतीला लावायचाय?"

बुधवारी दुपारी, मौन सुटल्यावर, मी गेले. शाळेच्या ऑफिसात ब्रेंडा नावाची बाई होती. गळ्यात बारीक क्रॉस आणि टेबलावर डब्यातला अर्धा खाल्लेला पाव. तिनं पूर्वीचा रिपोर्ट काढून दिला. मी म्हटलं, "सहावा नंबर म्हणजे प्रवेश नक्की ना हो?"

तिनं चष्मा काढला. "तुम्हीपण नंबर समजलात? परवापासून तुम्ही चौथ्या. गास गावाहून एक गृहस्थ आले, मुलाचा तीन आला म्हणून पेढे घेऊन! त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. पेढे घेतले नाहीत हां मी."

मग तिनं एका कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं ओळीत नऊ खण काढले. "हे बघा. एक सगळ्यात खाली, नऊ सगळ्यात वर. परीक्षेला बसलेली सगळी मुलं या नऊ खणांत वाटायची. जास्तीत जास्त मुलं मधे असतात, चार, पाच, सहात. टोकाला थोडी. आठ आणि नऊ हे दोन खण मिळून शंभरात अकरा-बारा मुलं, बस."

"म्हणजे आठ हा सहापेक्षा..."

"खूप वर. तुमची सहा आहे, वाईट नाही. मध्याच्या वरच आहे की."

मी रिपोर्टवर बोट ठेवलं. "आणि हे अडुसष्ट? शाळेत तिला ऐंशी टक्क्यांच्या खाली कधी पडत नाहीत."

"ते टक्के नाहीत, बाई, पर्सेंटाइल आहे. शंभर मुलं रांगेत उभी केली तर अडुसष्ट तिच्या मागे. पेपरात किती बरोबर आलं ते यावरून नाही कळत. पेपर कठीण असला तर निम्मी उत्तरं चुकूनसुद्धा अडुसष्ट मुलं मागे असतील."

तिला वाटलं असेल मी रिपोर्ट समजून घेते आहे. मी त्या पेन्सिलीच्या आठव्या खणाकडे पाहत होते. तो खण रिकामा होता, नुसत्या चार रेघा. पण मला आत रेवा बसलेली दिसत होती, मांडी घालून, हसत.

"प्रवेशाचं कसं?" मी विचारलं.

"सात, आठ, नऊवाल्यांचा अर्ज आला की जागा दिली. राहिलेल्या जागा सहावाल्यांना, पर्सेंटाइल पाहून. शनिवारी एक वाजता खिडकी बंद. एक वाजून एक मिनिटानं देव आला तरी आमची मॅनेजमेंट अर्ज घेत नाही."

"आणि वरच्यांपैकी कुणी अर्जच केला नाही तर?"

हे मी विचारलं. माझ्याच हळू आवाजात, जसं भाजीवालीला विचारावं.

"तर खालचं वर सरकतं," ब्रेंडा म्हणाली आणि पाव उचलला.

ह्यांनी आधीच सही करून दिलेला पूर्वीचा अर्ज मी तिथेच भरून दिला. बसमधे खिडकीशी बसून घरी आले. ह्यांना सांगितलं, "वेटिंगवर राहील बहुतेक, बघू." ते दमून आले होते, "बरं" म्हणाले. आठ म्हणजे काय हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी लगेच भावाला फोन लावला असता. रात्री देवापुढे हात जोडले आणि स्वतःला समजावलं, यमुनाच म्हणाली ना, विचारू नका. मी तिचं ऐकते आहे, एवढंच.

पण गुरुवारी सकाळी नऊ वाजता यमुना दारात उभी.

मी पूजेला बसले होते. तिनं चपला काढल्या, पाय धुतले, मोगऱ्याची पुडी देवघरात ठेवली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. डोळे सुजलेले.

"वहिनी, मौन आहे ते माहितीये मला. तुम्ही नुसतं ऐका. रेवा दोन रात्री रडतेय. तिनं मोबाईलवर शोधलंय, म्हणते मोठा आकडा चांगला असतो, आठ म्हणजे पुष्कळ वर. हे म्हणतात, मोबाईलवर काय वाटेल ते लिहितात, पोरगी त्या शाळेसाठी हट्टाला पेटलीय म्हणून मनचं सांगते. घरात नुसती धुसफूस. मी म्हटलं, वहिनी स्वतः शाळेत जाऊन आल्यात. त्या सांगतील ते खरं. तर हे लगेच म्हणाले, वहिनीच्या तोंडून खोटं येत नाही, ती म्हणाली तर मी आज अर्ज भरतो."

ती थांबली. माझ्या हातात घंटा होती.

मौनात अडलं-नडलं लिहायला मी एक पाटी ठेवते. गॅस सिलेंडरवाला आला, दूधवाल्याला उद्या नको सांगायचं असलं, की त्यावर लिहिते. पाटी देवघराच्या बाजूलाच होती, यमुनाला दिसत होती. तिनंच ती उचलून माझ्या मांडीवर दिली.

"नुसतं हो की नाही लिहा. मोठा आकडा चांगला का?"

एक अक्षर लिहायचं होतं. दोन, फार तर. मी खडू उचलला. त्या क्षणी मला रेवा दिसली नाही, यमुनाही दिसली नाही. दिसल्या सासूबाई, वाडीतल्या पलंगावर, यमुनाच्या हातून पेज पिताना. मी शेजारी उभी होते आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी लिहिलं, "बारानंतर फोन करते."

यमुनानं ते वाचलं. "बरं," म्हणाली. "सावकाश सांगा. देवाच्या कामात मी आले, राग मानू नका हां."

ती गेली. बारा वाजले, नैवेद्य झाला, मौन सुटलं. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. म्हटलं, जेवून करू. जेवल्यावर म्हटलं, ती आता विसावली असेल. चार वाजता म्हटलं, ती कळ्या काढत असेल. तिच्या प्रत्येक वेळेची मला अशी काळजी वाटत होती. संध्याकाळी दिवा लावला, आणि मग दिवेलागणीला असलं काही बोलू नये असंही मला वाटून गेलं. खोटं मी बोलले नाही. दिवसभरात एक शब्द खोटा बोलले नाही.

यमुनाचाही फोन आला नाही. मला आश्चर्य वाटलं आणि आनंदही झाला.

शुक्रवारी रात्री जेवताना हे म्हणाले, "कृष्णाचा फोन होता. रेवाचा अर्ज नाही भरत म्हणे."

"का?"

"म्हणाला, वहिनीनं फोन करते सांगून केला नाही, म्हणजे आम्ही समजलो. वाईट बातमी तिच्या तोंडून निघत नाही. यमुना म्हणाली, वहिनींचा जीव मऊ, त्यांना परत विचारून अवघडवू नका."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"मीठ जास्त झालंय का?" मी म्हटलं.

"नाही गं, चांगलं झालंय."

पूर्वी खाली मान घालून भात कालवत होती. कालवलेलाच परत कालवत होती.

त्या रात्री मला झोप चांगली लागली, हे लिहायला लाज वाटते पण तसंच झालं. मनाचा हिशेब मी नीट जुळवला होता. उद्या शनिवार. उद्या नैवेद्य झाला की मी यमुनाला फोन करायचा आणि सगळं सांगायचं. लपवायचं काही नाही. मी बारानंतर फोन करते असं लिहिलं होतं, कुठल्या दिवशी ते लिहिलं नव्हतं. आणि व्रत मोडून तर फोन करता येत नाही ना? मग तिथून त्यांनी कागद शोधायचे, दोघांनी सह्या करायच्या, स्कूटर काढायची, अर्नाळ्याच्या रस्त्यावरून कळंबच्या वाटेला लागायचं. एक वाजून जातोच. जाऊ दे, मी तरी सांगितलेलं असेल. माझ्या पदरी काही दोष नाही.

शनिवारी पूजा लवकर आटोपली. जपाला बसले तेव्हा समोरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. रोज मी पाच माळा करते. एक माळ साधारण सात मिनिटांची. त्या दिवशी मी बारा करायच्या ठरवल्या होत्या. पहिली माळ झाली. अकराला तीन कमी. दुसरी झाली. मी मणी ओढत होते आणि मनात म्हणत होते, अजून दहा झाल्या की सव्वाबारा. अजून दहा. नाव ओठांवर होतं, पण दर मण्याला मी ते मोजत नव्हते. मी रेवाची मिनिटं मोजत होते. एकशे आठ मणी गेले की तिची सात मिनिटं गेली. माळ देवाची आणि जप एक वाजण्याचा.

तिसरी माळ अर्ध्यात होती. मेरुमणी यायचा होता. मी माळ खाली ठेवली. चार वर्षांत मी माळ कधी अर्ध्यात ठेवली नव्हती.

मला चांगलं काही सुचलं म्हणून मी उठले असं म्हणणार नाही. मला भीती वाटली. समोर देव होता, मी त्याच्यासमोर बसून हे करत होते, आणि तो पाहत होता. रेवाची दया तेव्हाही आली नव्हती. उठताना सुद्धा मनात आलंच, पूर्वीची जागा गेली.

फोन लावला. दोन वेळा वाजला.

"हॅलो?" यमुना म्हणाली. मागे पाण्याची मोटर चालू होती.

"यमुना," मी म्हटलं.

 पलीकडे तिचा आवाज फाटला. "कोण गेलं? वहिनी, कोण गेलं? दादा बरे आहेत ना?"

"अगं, कुणी..."

"अहो, मोटर बंद करा! वहिनींचा फोन आहे, सकाळच्या बोलतायत! दादांना काहीतरी झालंय!" मोटर थांबली. भावजींच्या धावत येण्याचा आवाज आला. सकाळी अकरा वाजता माझा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. दुसरं काय वाटणार?

"यमुना, सगळे बरे आहेत. ऐक. आठ चांगला आहे. मोठा आकडा चांगला. रेवाचं खरं आहे. आठ म्हणजे शंभरात पहिल्या दहा-बारांत. तिला अर्ज दिला की जागा आहे. एक वाजता खिडकी बंद होते. आत्ता निघा. जन्माचा दाखला घ्या आणि दोघांच्या सह्या हव्यात, दोघं जा."

एवढं मी एका दमात बोलले. हळू नव्हे, ओरडूनच. शेजारच्या ब्लॉकमधल्या मर्लिनबाईंनी दार उघडून पाहिलं.

 यमुना म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं, वहिनी?"

आत्ता शाळेतून फोन आला, असं म्हणता आलं असतं. ते तोंडाशी आलंही होतं.

"बुधवारी."

"बुधवारी," ती म्हणाली. "गुरुवारी मी तुमच्या शेजारी बसले होते."

"हो."

"पाटी मी तुमच्या मांडीवर दिली."

"हो."

मागून भावजी विचारत होते, "काय झालं? कोण गेलं?" यमुना त्यांना म्हणाली, "कुणी नाही. कपडे बदला, रेवाला हाक मारा, शाळेत जायचंय." मग मला म्हणाली, "बरं, वहिनी. ठेवते." तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांचा अर्ज बारा वाजून वीस मिनिटांनी आत गेला. हे मला रात्री ह्यांच्याकडून कळलं. मी नैवेद्य दाखवला, पण नेहमीचं वाक्य म्हटलं नाही, सगळ्यांचं भलं कर ते. त्या दिवशी तरी नाही.

एप्रिलमधे यादी लागली. रेवाचं नाव पहिल्या यादीत. पूर्वी वेटिंगवर चौथी. मे अखेरपर्यंत दोन नावं वर सरकली, मग यादी बंद झाली. मी ब्रेंडाला तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी तिनं माझं नाव न विचारताच सांगितलं, "नाही हो बाई, अजून नाही." दोन नावं सरकली, चार हवी होती, म्हणजे रेवा नसती तरी पूर्वीला जागा मिळाली नसती. हे मी कागदावर मांडून पाहिलं. मांडून झाल्यावर वाटलं, बरं झालं, आणि लगेच वाटलं, असं कसं बरं झालं? मी एवढं केलं ते कशासाठी मग? दोन्ही बाजूंनी मलाच टोचत होतं.

यमुना एरवी घरी यायची बंद झाली. भांडण नाही, काही नाही. सणाला भेटली की वाकून नमस्कार करते, "बरे आहात ना वहिनी?" विचारते. पण आता माझ्या शेजारी जमिनीवर बसत नाही, खुर्चीवर बसते.

जूनमधे शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी रेवा नव्या गणवेशात नमस्काराला आली. करडा स्कर्ट, गळ्यात टाय. तिच्याबरोबर भावजी होते, यमुना नव्हती. "आईनं सांगितलंय, आधी काकीच्या पाया पड," रेवा म्हणाली आणि वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. खूप शिक, म्हटलं. म्हटलं ते खरं होतं. टायकडे पाहवत नव्हतं, तेही खरं होतं.

ते गेल्यावर मी देवघरात निरांजनाच्या वाती वळत बसले. पूर्वी आली आणि माझ्या पाठीला टेकून बसली. ती मोठी झाल्यापासून असं बसत नाही.

"आई, तू त्या दिवशी काकीला फोन केलास ना, मौनात?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मर्लिन आंटीनं. सगळ्या मजल्याला सांगितलंय तिनं." मग तिनं वातीचा कापूस हातात घेतला. "मला रेवानं बुधवारीच शाळेत मोबाईलवर दाखवलं होतं, आठ चांगला असतो म्हणून. मी घरी सांगितलं नाही. म्हटलं, असेल बाई काहीतरी."

मी मागे वळून पाहिलं नाही. वात वळत राहिले.

"तुला वाईट वाटतंय का, जागा नाही मिळाली त्याचं?" मी विचारलं.

"वाटलं होतं. आता नाही." आणि मग जरा खुशीतच, "बरं झालं गं तू फोन केलास. ती गेली ना, आता आमच्या वर्गात पहिला नंबर मोकळा झाला."

मी तिला रागवायला तोंड उघडलं. चुलत बहिणीबद्दल असं बोलतात का, देवासमोर बसून, असं काहीतरी माझ्या जिभेवर तयार होतं.

"दुसरा कोण येतो तुमच्यात?" मी विचारलं.

"एरॉल."

"तो नाही का जाणार कुठे दुसऱ्या शाळेत?"

बोलून गेले आणि मग मी समोरच्या देवाकडे पाहिलं.

"नाही," पूर्वी म्हणाली. "त्याचा सात आला होता, पण त्याच्या आईनं अर्जच भरला नाही. तिला वाटलं, सात म्हणजे कमी."

मी वाती तबकात ठेवल्या, पदराला हात पुसले आणि विचारलं, "त्याच्या आईचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

"आता काय उपयोग? यादी बंद झाली."

"तरी," मी म्हटलं, "पुढच्या वर्षी दहावीला घेतात का, ते विचारते."

पूर्वीनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. हे मी एरॉलसाठी विचारते आहे की तिच्यासाठी, हे तिला विचारायचं असावं. तिनं विचारलं नाही, ते बरं झालं. मला ते सांगता आलं नसतं.